झेडपी शाळेतलं कुलूपबंद पुस्तकांचं कपाट: सुरुवात कुठून करावी?

कपाटकिल्ली

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ११८, शिक्षक पाच. ग्रंथपालाचं पद अर्थातच नाही. यंदा ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आलाय. कार्यभार म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक किल्ली आणि एक दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात ती), जिच्यातली शेवटची नोंद २०१४ ची. वरवर मोजली तर ६४० च्या आसपास पुस्तकं भरतात. काहींवर दाखल क्रमांक आहे, काहींवर नुसता शाळेचा शिक्का, काहींवर काहीच नाही. कपाटं पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी आहेत. पातळ चित्रपुस्तकांच्या पिना गंजून पानं सुटलीत, खालच्या कप्प्यात कसर लागलीय.

प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तासिका (३५ मिनिटं) देता येईल. मुलांनी पुस्तक घरी न्यावं असं वाटतं. सहकारी म्हणतात, "हरवलं तर वसुली तुमच्याकडून." आधी नोंदवही पूर्ण करू की आधी पुस्तकं वाटायला लागू? मांडणी कशी करायची? खर्चायला हाताशी फार काही नाही.

दाखलांक

आधी नोंदवही, पण तिच्यात महिना घालवू नका. दोघं बसलात तर ६४० पुस्तकांना दोन दुपारी पुरतात. एकाने पुस्तक उचलून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत त्या ओळीवर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. हे चालू असतानाच पुस्तकांचे तीन ढीग पाडा: क्रमांक जुळलेली, क्रमांक नसलेली, आणि डागडुजीची.

क्रमांक नसलेल्यांना नोंदवहीतल्या शेवटच्या क्रमांकापुढचे क्रमांक द्या. मधे रिकाम्या दिसणाऱ्या ओळींत भरू नका. एकदा वापरलेला क्रमांक पुस्तक फाटून गेलं तरी दुसऱ्याला द्यायचा नसतो. दिनांकाच्या रकान्यात आजचीच तारीख, आणि शेऱ्यात "जुन्या साठ्यातून, पडताळणीत आढळले". किंमत पुस्तकावर छापलेली असेल ती. बिल नसेल तर बिलाचा रकाना कोरा ठेवा. अंदाजाने बिल क्रमांक लिहिणं हीच पुढे गळ्याशी येणारी चूक.

नोंदवहीत आहे पण कपाटात नाही, अशा पुस्तकांची वेगळी यादी करून मुख्याध्यापकांची सही घ्या आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. हे कार्यभार घेतानाच करायचं. सहा महिन्यांनी केलंत तर ती पुस्तकं तुमच्याच काळात हरवली असा अर्थ निघतो.

क्रमांक तीन जागी घाला: मुखपृष्ठाच्या आत, शीर्षकपानाच्या मागे, आणि शाळेने ठरवलेल्या एका आतल्या पानावर (समजा पान १७). पहिली-शेवटची पानं फाटली तरी हे पान पुस्तक शाळेचं आहे हे सांगतं. सोळाच पानांच्या पुस्तकात अर्थात मधलं पान धरा.

आता देवघेव. ३५ मिनिटं कुठे जातात ते बघा. वर्गात साधारण १७ मुलं. प्रत्येकाचं नाव, पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख, सही असं लिहीत बसलात तर माणशी दोन मिनिटं, म्हणजे तासिका संपली आणि वाचन शून्य. म्हणून प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड करा. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर, लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम चालतो आणि गावात त्याला तोटा नाही. कार्डावर वर दाखल क्रमांक आणि पुस्तकाचं नाव, खाली "नाव, तारीख, परत" असे तीन रकाने. जुन्या पाकिटाचा खालचा अर्धा भाग कापून शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवला की खिसा तयार. मूल पुस्तक नेताना कार्डावर स्वतःचं नाव लिहितं आणि कार्ड वर्गाच्या डब्यात टाकतं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. डब्यात कार्ड म्हणजे पुस्तक बाहेर, इतकं सरळ. परत घेण्याचं काम परिपाठाआधी सहावी-सातवीतल्या दोघांवर सोपवा, म्हणजे तासिकेत फक्त निवडणं आणि वाचणं उरतं.

पहिली-दुसरीला कार्ड नको. तिथे हजेरी क्रमांकाचा एक तक्ता करा आणि क्रमांकासमोर शिक्षकांनी पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहावा.

चित्रकथी

वर सांगितलेलं सगळं मान्य. मांडणीवर लिहितो.

पहिलं काम, पुस्तकं तांदळाच्या खोलीतून हलवा. पोत्यांमुळे उंदीर येतात, आणि उंदराला पुस्तकाची खळ आवडते. दुसरं, पातळ चित्रपुस्तकं कपाटात उभी लावू नका. त्यांना कणा नसतो, कडेला नाव नसतं, त्यामुळे मुलाला नुसत्या पांढऱ्या चिंध्या दिसतात. मुखपृष्ठ समोर दिसलं तरच पुस्तक उचललं जातं.

दोरीला चिमट्याने टांगायची पद्धत सगळीकडे दिसते. फोटोला छान, पण चिमटा रोज त्याच जागी बसतो आणि पंधरवड्यात कोपरा मोडतो. त्यापेक्षा चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घ्या. प्लंबरकडे किंवा ज्याच्याकडे कटर आहे त्याच्याकडे दहा मिनिटांचं काम. तीन मीटरच्या एका पाइपच्या दोन पन्हळी होतात, आणि एकेका पन्हळीत बारा-तेरा पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून मावतात. चिरलेल्या कडा पॉलिशपेपरने घासा, नाहीतर बोटं कापतात. भिंतीत दर साठ सेंटिमीटरला स्क्रू. खालची पन्हळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, वरची ९० वर. त्याहून उंच लावली तर पहिलीचं पोर वर चढणार हे गृहीत धरा.

पुस्तकांवर रंगीत टिकल्या लावा, चारच रंग, वाचनाच्या चार पायऱ्यांना एकेक. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनाच्या पुस्तकांवर मागे पायरी छापलेलीच असते: पहिली साधारण अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्यापुढे. बाकी प्रकाशकांची पुस्तकं त्याच मापाने तुम्हीच ठरवा. एका पानावरचे शब्द मोजा, पानांनी गुणा. पण मराठीत नुसती शब्दसंख्या फसवते. दीडशे शब्दांच्या गोष्टीत "स्वातंत्र्य", "आश्चर्य", "पृष्ठभाग" असे शब्द एकामागोमाग आले तर दुसरीचं मूल अडकतं. पानामागे तीन-चारहून जास्त अवघड जोडाक्षरं दिसली की एक पायरी वर ढकला. बिनशब्दांची चित्रपुस्तकं मात्र पायरीबाहेर ठेवा. सातवीची मुलंही ती घेतात आणि ते बरोबरच आहे.

टिकली शोधायला सोपं जावं म्हणून आहे, अडवायला नाही. "तू सहावीत, मग सोपं, लाल टिकलीचं का घेतलंस?" हे वाक्य एकदा वर्गात बोललं गेलं की कच्चं वाचणारं मूल कळेनासं जाड पुस्तक नेतं आणि न उघडता परत आणतं.

८९१.४६

रंगीत टिकल्या बालवाडीला ठीक. मुलांना पुढे मोठ्या ग्रंथालयात जायचं आहे, तर दशांश वर्गीकरणाची, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला आकडा देण्याच्या पद्धतीची, सवय आत्ताच लागावी. मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, लोककथा ३९८.२, चरित्र ९२०, विज्ञान ५००. हे कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे.

दाखलांक

@८९१.४६, हायस्कूलला जमेल, हवंच. इथे ६४० पुस्तकांत काय होईल ते पाहा. निम्म्याहून जास्त पुस्तकं ८९१.४६३ मध्ये, उरलेल्यांतली बरीच ३९८.२ मध्ये. म्हणजे दोन प्रचंड ढीग आणि वीस जवळजवळ रिकामे आकडे. ज्या पद्धतीने ढीग फुटत नाही ती इथे कामाची नाही. नोंदवहीत वर्गांकाचा रकाना असतो, तिथे आकडा लिहून ठेवा म्हणजे तपासणीतही बरं दिसतं. कपाटावर मात्र मुलं विचारतात ते शब्द लावा: प्राण्यांच्या गोष्टी, भुताच्या आणि रहस्याच्या, खरी माणसं, कसं चालतं, कविता-गाणी, कोडी-खेळ. "कसं चालतं" आणि "कोडी-खेळ" हे दोन कप्पे सगळ्यात आधी रिकामे होतात, तेव्हा पुढचे पैसे तिथे घाला.

जुजबंदी

पिना गंजलेल्या पुस्तकांबद्दल. ती बायंडरकडे पाठवू नका. पातळ पुस्तकाला पुठ्ठा चढवण्याची मजुरी पुस्तकाहून महाग पडते. हे काम सातवीची मुलंही करतील.

पुस्तक मधोमध उघडा. पिनेचे पाय आतल्या बाजूला असतात, ते बोथट सुरीने उभे करा आणि पीन बाहेरून ओढा. आतून उपटलीत तर गंजलेला भाग कागद घेऊनच येतो. मग घडीवर तीन भोकं: एक बरोबर मध्यावर, दोन वरच्या-खालच्या कडेपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. टोच्या नसेल तर दाभण. जुन्या पिनेचीच भोकं वापरू नका, तिथला कागद गंजाने कुजलेला असतो.

दोरा सुती, जाड, मेण लावलेला. लांबी पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट. आतून मधल्या भोकात सुई घाला, बाहेर काढा. बाहेरून वरच्या भोकात, आत. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकात, बाहेर. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात, आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत मध्यावर आली. आतल्या लांब टाक्याच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरं टोक ठेवा, म्हणजे गाठ त्या टाक्यावर बसते. दोन्ही टोकं एकाच अंगाला राहिली तर गाठ भोकातून निसटते आणि महिन्याभरात पुस्तक पुन्हा सैल. दोरा ओढायचा तो पानाला समांतर. उभा ओढला की भोक चिरतं.

सुटलेलं एकच पान बसवायचं तर पानाच्या कडेला तीन मिलिमीटर खळ लावा, जागेवर सरकवा, दोन्ही बाजूंना बटरपेपर ठेवा आणि रात्रभर वजनाखाली. खळ अशी: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, पाच वाट्या पाणी उकळून त्यात ओता, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा, आठ-दहा मिनिटं. बायंडर त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, कीड लागू नये म्हणून. शाळेत घालू नका. ते विष आहे, पोरं बोटं चाटून पानं उलटतात, आणि तांबं कागदालाही खातं. बिनमोरचुदाची खळ दोन दिवस टिकते. लागेल तेवढीच करा.

चिकटपट्टी मात्र नको, कितीही घाई असली तरी. दोन-तीन वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा डिंक कागदात उतरलेला राहतो, तो निघत नाही. फाटलेल्या पानाला पातळ पांढरा टिश्यू कागद हाताने फाडून घ्या, कापून नको. फाटलेल्या कडेचे तंतू कागदात मिसळतात. पातळ केलेल्या खळीने लावा.

ओलसर भिंत

कसरीसाठी दोन शब्द. डांबरगोळ्या टाकून कपाट बंद करायची पद्धत सोडा. बंद खोलीतला तो वास मुलांसाठी चांगला नाही, आणि जी-सिक्स-पीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असलेल्या मुलाला गोळ्यांतल्या नॅफ्थालीनने रक्तपेशी फुटण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. कोणत्या मुलाला हा दोष आहे हे शाळेला माहीत नसतं.

कसरीला दमट हवा, अंधार आणि न हलणारी पुस्तकं लागतात. त्यामुळे निम्मा उपाय तुम्ही करताच आहात. उरलेला: कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर वर उचला (विटा चालतील), पुस्तकं इतकी गच्च भरू नका की बोट जाणार नाही. महिन्यातून एकदा सगळी बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा. पुस्तकाचा वरचा काठ आधी, कारण धूळ तिथेच बसते.

फार लागलेली थोडीच पुस्तकं असतील आणि गावात कुणाकडे डीप फ्रीझर असेल (आइस्क्रीमवाला, डेअरी), तर पिशवीत हवा दाबून काढून गच्च बंद करा आणि उणे अठरावर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि कसर गेली तरी बुरशी येते.

पावसात भिजून आलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. पंख्याखाली उभं करून दर दहा-पंधरा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घाला आणि तो दर दोन-तीन तासांनी बदला. ताज्या छापाच्या कागदाची शाई उतरते, जुना रद्दीचाच घ्या. गुळगुळीत चमकदार कागदाचं चित्रपुस्तक असेल तर ओलं असतानाच पानं एकेक सोडवा. वाळल्यावर त्याची वीट होते.

कपाटकिल्ली

सगळ्यांचे आभार, पाइपची चौकशी उद्याच करतो. दोन गोष्टी राहिल्या. हरवलेल्या पुस्तकाचं नेमकं काय करायचं? आणि "मुलांनी काय वाचलं याचा पुरावा ठेवा, प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून घ्या" असं सुचवण्यात आलंय. ते कितपत करावं?

दाखलांक

हरवण्याबद्दल आकड्यातच बोलू. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) म्हटलं आहे की वर्षभरात दिल्या गेलेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची घट वाजवी धरावी, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायचीच. जिल्हा परिषदेला हा नियम थेट लागत नाही, पण समितीचा ठराव लिहिताना दाखवायला आधार म्हणून चालतो. तुमचा हिशोब करा: ११८ मुलं, आठवड्याला एक पुस्तक, वर्षात तीस आठवडे धरले तर ३५४० वेळा देवघेव. त्या मापाने सतरा पुस्तकं गेली तरी ते वाजवीत बसतं. गंमत अशी की कपाटाला कुलूप असेल तर देवघेव शून्य, आणि मग कसरीने खाल्लेलं एकही पुस्तक या हिशोबात बसत नाही.

वर्षाच्या सुरुवातीलाच समितीत ठराव करून घ्या: पुस्तक हरवलं तर पालकांकडून पैसे नाहीत. जमलं तर तेच पुस्तक किंवा त्याच किमतीचं दुसरं, नाहीतर मुलाने तासभर डागडुजीला मदत करायची. दंड लावला की सगळ्यात आधी कोण पुस्तक नेणं बंद करतं, ते सांगायला नको. पावसाळ्यात प्रत्येक मुलाला एक जाड प्लॅस्टिकची पिशवी द्या. दप्तरात पुस्तकाचा खरा शत्रू पाऊस नाही, डब्याचं तेल आहे.

हरवलेल्याच्या नोंदीवर रेघ मारू नका, व्हाइटनर तर नकोच. शेऱ्यात तारखेसह कारण लिहा. वर्षअखेर यादी करून निर्लेखनाचा (नोंदवहीतून पुस्तक कमी करण्याचा) प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत पाठवा, नमुना केंद्रप्रमुखांकडे मिळेल. मंजुरीचा जावक क्रमांक आला की तोही शेऱ्यात.

नवीन खरेदीचं म्हणाल तर समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. येईल तेव्हा येईल, पण यादी आत्ताच तयार ठेवा. मार्चअखेर पैसे आले की घाईत जो गठ्ठा मिळेल तो घेतला जातो, आणि मग सातवीपर्यंतच्या शाळेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं दिसतात.

चित्रकथी

सारांश नको. प्रत्येक पुस्तकामागे लिखाणाचं काम लागलं की मुलं सर्वांत पातळ पुस्तक निवडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात एकाच्या वहीवरून पाच जण उतरवतात. पुरावा हवाच असेल तर कार्डं आहेत ना! कुणी काय नेलं, किती वेळा नेलं, सगळं त्यात आहे. एका कार्डावर वीस नावं आणि दुसऱ्यावर एकही नाही, हे कुठल्याही सारांशापेक्षा जास्त सांगतं. वीस नावांच्या पुस्तकाच्या आणखी दोन प्रती यादीत टाका. एकही नाव नसलेलं पुस्तक परिपाठात तुम्ही स्वतः चार पानं वाचून दाखवा आणि गोष्ट रंगात आली की थांबा. त्या दिवशी ते कपाटात राहत नाही.

फुकटातली भर हवी असेल तर बालभारतीचं मासिक "किशोर" १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांनी ऑनलाइन खुले केलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, परवाना मुक्त असल्याने छापूनही घेता येतात. "किशोर"चे छापील अंक असतील तर बारा महिन्यांचे एकत्र बांधून ठोकळा करू नका. सुटे बारा अंक एका वेळी बारा मुलं वाचतात, ठोकळा एकच मूल.

रिकामा रकाना

उशिरा आलो, एकच भर. नोंदवही झाली की यादी एक्सेलमध्ये घ्याल, तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. आणि युनिकोडमध्येही "ॲ" दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर, एक "अ" वर चंद्र देऊन. तसंच "दुसऱ्या"मधला र. दोघांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलं तर डोळ्यांना सारखं दिसतं, पण शोधल्यावर निम्मी पुस्तकं सापडत नाहीत. एकाच मोबाइलवरून किंवा एकाच माणसाने टाइप करा. दाखल क्रमांकाचा रकाना पहिला ठेवा आणि तो इंग्रजी आकड्यांत घ्या. देवनागरी आकडे टाकले तर एक्सेल त्यांना अक्षरं समजून १ नंतर थेट १० लावतं.

कपाटकिल्ली

हे माहीत नव्हतं. पहिली चाळीस पुस्तकं देवनागरी आकड्यांत टाकून झाली आहेत, बदलतो.

रिकामा रकाना

पुन्हा टाइप नका करू. रकाना निवडा, शोधा-बदला उघडा, १ च्या जागी इंग्रजी एक, असं दहा वेळा. पाच मिनिटांत होईल. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा, आणि फक्त तोच रकाना निवडलाय ना ते बघा, नाहीतर पुस्तकांच्या नावांतले आकडेही बदलतील.